कोऱ्या पत्रातले रहस्य

पुणतांब्याच्या गोदातीरावर योगी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षांच्या आयुष्याचा धनी म्हणून ख्यात असलेल्या या योग्याने कोवळ्या ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास घेतले. पण वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून ‘तीर्थरूप’, हे काही केल्या ठरेना आणि अखेर पत्र कोरेच गेले, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. या प्रसंगात खून नाही, चोरी नाही, पाठलागही नाही. तरीही लेखणी हाती धरून अडलेला तो मानी पुरुष पिढ्यान् पिढ्या श्रोत्यांना खिळवून ठेवीत आला आहे. कारण येथले रहस्य माणसाच्या मनात दडलेले आहे.

मनोविश्लेषक रहस्यकादंबरीचा आनंद याच जातीचा असतो. तथापि हा आनंद मोकळेपणाने कबूल करण्याचा मराठी सुशिक्षितांना अद्याप संकोच वाटतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोचले. वाचनाची गोडी ज्यांनी लावली, त्यांच्या वाट्याला वाङ्मयेतिहासात मात्र एखादी तळटीपच आली. पुढे नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथांनी आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांनी भीतीचे मूळ अंधाऱ्या वाड्याइतकेच माणसाच्या अंतरंगातही शोधले. असे असूनही ‘रंजनपर’ हा शिक्का पुसला गेला नाही.

वस्तुतः हे रंजन वाचकाकडून बरेच काही मागत असते. जुन्या रहस्यकथेत गुन्हेगार कोण, हे शेवटच्या पानावर कळते, आणि वाचक निर्धास्त मनाने पुस्तक मिटतो. मनोविश्लेषक कादंबरीत गुन्हेगार पुष्कळदा आरंभीच ठाऊक असतो. दोस्तोयेव्हस्कीच्या १८६६ सालच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मध्ये खून पहिल्याच भागात होतो, उरलेली कादंबरी खुन्याच्या मनाने त्याला दिलेल्या यातनांची आहे. पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या १९५० सालच्या पहिल्या कादंबरीत आगगाडीत भेटलेल्या दोन अनोळखी प्रवाशांपैकी एक जण खुनांची अदलाबदल सुचवितो. दुसरा ते हसण्यावारी नेतो आणि पुढे त्याच जाळ्यात अडकतो. पुणतांबा जंक्शनावर शिर्डीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत अनोळखी माणसाशी गप्पा मारणाऱ्या कोणालाही या कथेतली भीती समजावून सांगावी लागणार नाही. ‘त्याच्या जागी आपण असतो तर?’ हा प्रश्न वाचकाची झोप उडवतो, आणि पुस्तक खाली ठेववत नाही ते त्यामुळेच.

या प्रकारावरील एक आक्षेप मात्र रास्त आहे. मनोरुग्ण म्हणजे संभाव्य खुनी, असे सोपे समीकरण कित्येक सुमार पुस्तके मांडतात. मानसिक आजाराने ग्रस्त असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. त्यांच्या वाट्याला येणारी अवहेलना अशा लेखनाने वाढते. मन समजून घेणारे पुस्तक कोणते आणि मनावर शिक्का मारणारे कोणते, हा भेद कोणी तरी केला पाहिजे. समीक्षकच जर नाक मुरडून बाजूला उभे राहिले, तर तो करायचा कोणी?

हा प्रश्न खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार दिला. पण अनुदानातून आलेले जाडजूड ग्रंथ पाने न उलगडताच कपाटात राहणार असतील, तर त्याचा उपयोग काय? ज्या घरात पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तक आले नाही, त्या घरातल्या मुलीच्या हाती प्रथम असे पुस्तक पडावे, की दिवा मालवा म्हणून घरच्यांनी तिला दोनदा बजवावे लागेल. एकदा ती गोडी लागली, की पुढचा मार्ग ती स्वतःच शोधील. म्हणून ग्रंथनिवड करणाऱ्यांनी उत्तम रहस्यकादंबऱ्यांना निःसंकोच स्थान द्यावे, आणि समीक्षकांनी इतर साहित्याइतक्याच साक्षेपाने त्यांची पारख करावी.

चांगदेवांचे कोरे पत्रही ज्ञानेश्वरांनी दुर्लक्षिले नाही. पासष्ट ओव्यांचे उत्तर त्यांनी पाठविले. लक्षावधी वाचकांनी ज्यांवर जीव लावला, ती भरगच्च लिहिलेली पुस्तके निदान तेवढ्या आस्थेला पात्र ठरावीत.