कैरोत सापडलेलं गुजराती कापड, ऑक्सफर्डचं म्युझियम आणि इंटर्नच्या पगाराचा वाद

तळहाताएवढा सुती कापडाचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा. कडा झिजलेल्या, एका बाजूला जुनी शिवण, लाल रंगावर पांढरी फुलं. एखाद्या अंगरख्याचा नाहीतर अभ्र्याचा उरलेला भाग असावा. हा तुकडा भारतात छापला गेला, इजिप्तमध्ये वापरला गेला, तिथल्या कोरड्या मातीत काही शतकं टिकला आणि आज इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या अश्मोलियन म्युझियममध्ये ठेवलेला आहे. असे तिथे बाराशेहून जास्त तुकडे आहेत.

आता हा तुकडा गुजरातचा आहे आणि सहा-सातशे वर्षं जुना आहे, हे सांगतं कोण? पुस्तकावर अभ्यासकाचं नाव असतं, ते बरोबरच आहे. पण पेटी उघडणं, मापं घेणं, फोटो काढणं, धागे मोजणं, एकेका तुकड्याची नोंद करणं, यातलं बरंच काम जगभरातल्या म्युझियममध्ये नुकती डिग्री घेतलेली पोरं इंटर्न म्हणून करतात. आणि या पोरांना पैसे द्यायचे की नाही, यावर गेली काही वर्षं युरोप-अमेरिकेत चांगलाच वाद चालू आहे.

कापडाचा इतिहास आणि इंटर्नचा पगार हे दोन वेगळे विषय वाटतील. पण एकाचा धागा ओढला की दुसरा हलतो. आधी कापडाचं बघू.

हे कापड ऑक्सफर्डला पोहोचलं कसं?

पर्सी न्यूबेरी नावाचे एक इंग्रज इजिप्त-अभ्यासक होते. त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं इजिप्तमध्ये काढली आणि तिथल्या व्यापाऱ्यांकडून जुन्या कापडाचे तुकडे विकत घेतले. १९४६ मध्ये हा संग्रह अश्मोलियनला मिळाला. यातले बरेच तुकडे फुस्तातचे मानले जातात. फुस्तात म्हणजे इजिप्तची जुनी राजधानी, जी आता कैरो शहराचाच भाग आहे.

इथे पहिली अडचण येते. शास्त्रशुद्ध उत्खननात वस्तू सापडली की ती कोणत्या थरात होती, सोबत काय होतं, यावरून तिचं वय काढता येतं. बाजारातून घेतलेल्या तुकड्याला असा काही पत्ता नसतो. मग पुरावा एकच उरतो, तो म्हणजे खुद्द कापड.

१९३८ मध्ये फिस्टर या अभ्यासकाने फुस्तातच्या छापील कापडांवर पुस्तक लिहून त्यांचा संबंध भारताशी, मुख्यतः गुजरातशी जोडला. पुढे रूथ बार्न्स यांनी न्यूबेरी संग्रहातला एकेक तुकडा तपासला आणि १९९७ मध्ये दोन खंडांची सूची प्रसिद्ध केली. काही तुकड्यांची कार्बन चाचणी झाली, तेव्हा त्यातले काही आधीच्या अंदाजापेक्षा बरेच जुने, दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासचे निघाले. म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्या कितीतरी आधीपासून आपलं छापील सुती कापड लाल समुद्रामार्गे इजिप्तच्या बाजारात जात होतं. आणि ते काही फक्त राजेरजवाड्यांसाठी नव्हतं. बरेचसे तुकडे साधे, जाडेभरडे, शिवून-ठिगळ लावून वापरलेले आहेत. साध्या माणसांचं कापड.

आपला कोकणही या व्यापारात होता. कैरोतल्या एका सिनेगॉगमध्ये ज्यू व्यापाऱ्यांची हजारो जुनी कागदपत्रं सापडली, त्यात ठाण्याचं नाव येतं. मार्को पोलोच्या वर्णनातही ठाण्याहून बाहेर जाणाऱ्या मालात सुती कापड आहे.

तुकडा बघून नेमकं काय कळतं?

सगळ्यात आधी सुताचा पीळ बघतात. इजिप्तमध्ये परंपरेने सूत ज्या दिशेला पिळायचे, त्याच्या बरोबर उलट दिशेला भारतात पिळायचे. भिंगाखाली धाग्याचा तिरपेपणा पाहिला की पहिला अंदाज लगेच बांधता येतो. मग ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, एका सेंटिमीटरमध्ये किती बसतात ते मोजायचं.

खरी गंमत रंगात आहे. सुती कापडावर लाल रंग नुसता चोपडून बसत नाही, पहिल्या धुण्यातच जातो. आपल्या रंगाऱ्यांनी त्यावर उपाय शोधला होता. जिथे लाल हवा तिथे ठशाने तुरटीचं द्रावण लावायचं, जिथे काळा हवा तिथे लोखंडाचं. मग अख्खं कापड आलीच्या किंवा मंजिष्ठेच्या मुळांच्या पाण्यात उकळायचं. ज्या जागी तुरटी, त्या जागी रंग पक्का धरतो, बाकीचा धुऊन निघतो. (आलीचं झाड म्हणजे आपली बारतोंडी.) निळीचं उलटं. जिथे निळा नको तिथे आधी लेप छापायचा आणि मग कापड निळीच्या हौदात बुडवायचं. तुकड्यावर लाल आणि निळा कुठे एकमेकांवर चढलाय, ठसा कुठे सरकलाय, हे पाहून कोणतं काम आधी झालं आणि कोणतं नंतर, हे सांगता येतं. एखाद्या रंगाऱ्याचा ठसा काही शतकांपूर्वी दोन मिलिमीटर सरकला आणि ती चूक आज पुरावा झाली.

यात इंटर्न काय करतो?

बाहेरून दिसतं तितकं हे रोमँटिक नाही. जुनं कापड उजेडाने विटतं, म्हणून प्रदर्शनातसुद्धा साधारण ५० लक्सपर्यंतच प्रकाश ठेवायची पद्धत आहे. म्हणजे बऱ्यापैकी अंधारच. तुकडा आम्लरहित कागदावर ठेवून हलवायचा, उचलायचा तर खालून आधार देऊन. मग लांबी-रुंदी, धाग्यांची मोजणी, पिळाची दिशा, शिवणीचा प्रकार, रंग, डाग, भोकं, सगळं ठरलेल्या शब्दांत डेटाबेसमध्ये भरायचं. दिवसाकाठी मोजकेच तुकडे होतात.

ही नोंद कंटाळवाणी वाटली तरी पुढचं सगळं तिच्यावर उभं असतं. पिळाची दिशा चुकीची लिहिली गेली, तर पुढची वीस वर्षं कुणीतरी त्या तुकड्याला भलत्याच देशाचा म्हणत राहील. पेटी पुन्हा पुन्हा कोण उघडतंय?

मग पैशांचं काय?

अमेरिकेतल्या कला-संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने जून २०१९ मध्ये ठराव केला की सदस्य म्युझियमनी इंटर्नना पैसे द्यावेत. हा ठराव करावा लागला, यावरूनच तोवर काय चाललं होतं ते कळतं. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला एका देणगीदार बाईंकडून ५० लाख डॉलर मिळाले आणि सगळ्या इंटर्नशिप पगारी करता आल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत म्युझियमपैकी एकालाही इंटर्नच्या पगारासाठी देणगी लागली, हे जरा लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ब्रिटनमध्ये कायदा सांगतो की इंटर्न प्रत्यक्षात कामगारासारखं काम करत असेल तर त्याला किमान वेतन द्यावंच लागतं. पण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक वर्षापेक्षा कमी काळाची इंटर्नशिप केली, तर हा नियम लागू होत नाही. धर्मादाय संस्थांमधल्या स्वयंसेवकांनाही सूट आहे, आणि अनेक म्युझियम धर्मादाय संस्थाच असतात. थोडक्यात, पळवाटा आहेत.

म्युझियमवाल्यांची बाजू अगदीच खोटी नाही. पगार द्यायचा तर जागा कमी होतात, आणि गावातलं छोटं म्युझियम एकही जागा काढू शकत नाही. त्यात मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने म्युझियम आणि वाचनालयांना निधी देणारी केंद्रीय संस्थाच आवळायचा आदेश काढला. राज्यं कोर्टात गेली, पण निधीचा भरवसा नसला की आधी कात्री लागते ती नव्या पोरांच्या जागांना.

तरीही मला हा युक्तिवाद अर्धवट वाटतो. विनापगारी जागा सगळ्यांसाठी उघडी नसते. लंडनमध्ये तीन महिने स्वतःच्या खर्चाने राहू शकणाराच ती घेतो. त्या तीन महिन्यांच्या जोरावर पुढची नोकरी मिळते, नोकरीच्या जोरावर संग्रहाची जबाबदारी, आणि मग कोणत्या पेटीवर संशोधन करायचं हे तोच ठरवतो. पहिल्या पायरीवरची गाळणी वरपर्यंत जाते.

यावर न्यूबेरींचाच किस्सा आहे. १८९१ मध्ये ते बेनी हसनच्या थडग्यांवर काम करत होते तेव्हा त्यांच्याकडे मदतीला एक १७ वर्षांचा पोरगा आला. कॉलेजची डिग्री नाही, पण चित्रकलेचा हात चांगला, त्यामुळे भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायचं काम त्याला मिळालं. त्याचं नाव हॉवर्ड कार्टर. पुढे १९२२ मध्ये तुतनखामेनचं थडगं शोधणारा तोच. आजच्या जाहिरातींमधली 'पदव्युत्तर शिक्षण आवश्यक' ही अट त्याला पार करता आली नसती.

आपल्याकडे काय परिस्थिती?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात म्युझियमशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो, त्यामुळे शिकायची सोयच नाही असं नाही. पण सोलापूर किंवा इचलकरंजीच्या पोरीला मुंबईत कॉट बेसिसवर राहून बिनपगारी काम शिकायचं म्हटलं, तर गणित लंडनसारखंच बिघडतं. २०२४ मध्ये केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, महिना ५,००० रुपये ठरले. पण ती देशातल्या बड्या ५०० कंपन्यांसाठी आखलेली आहे, म्युझियमसाठी नाही.

आणि मुद्दा फक्त राहायच्या खर्चाचा नाही. घरात माग चालू असलेल्या पोरीला ताणा-बाणा पुस्तकातून शिकावा लागत नाही. कच्छमधल्या खत्री कारागिरांकडे तुरटी, लोखंड, नीळ आणि लेपाचा तो जुना क्रम अजरखच्या रूपात आजही चालू आहे. फुस्तातच्या तुकड्यांवरच्या कितीतरी नक्षी त्यांच्या ठशांशी जुळतात. तिथल्या इस्माईल मोहम्मद खत्रींना २००३ मध्ये इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

न्यूबेरी संग्रह आता अश्मोलियनच्या वेबसाइटवर फोटोंसकट फुकट बघता येतो. धाग्याचा पीळ मात्र फोटोत नीट दिसत नाही. त्यासाठी पेटी उघडून तुकडा भिंगाखालीच धरावा लागतो.