परक्यांचे टायर, आपला धूर

जानेवारी २०२५मध्ये पालघर जिल्ह्यातील वाडा येथे जुन्या टायरांपासून तेल काढणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. दोन स्त्रिया आणि दोन बालके प्राणास मुकली. तेथे वापरले जाणारे टायर युरोपातून आलेले होते, असे वृत्त बीबीसीने त्याच वर्षी मार्चमध्ये दिले. दुसऱ्याच्या अंगणातील केर आपल्या दारी आणून तो पेटवण्याची ही किंमत कोणी मोजली? अर्थातच गरिबांनी.

टायरचा प्रश्न मुळात अवघड आहे. चार्ल्स गुडइयरने १८४४मध्ये ज्या प्रक्रियेचे पेटंट घेतले, तिच्यात गंधकामुळे रबराचे रेणू एकमेकांशी घट्ट सांधले जातात. त्यामुळे ते टिकाऊ होते. पण प्लास्टिकप्रमाणे वितळवून पुन्हा ओतता येत नाही. उघड्यावर टाकलेल्या टायरांत पावसाचे पाणी साचते व डेंग्यू पसरविणारे डास पोसले जातात. ढिगाला आग लागली, तर ती दिवसेंदिवस धुमसत राहते.

कायदा नाही असे नव्हे. केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये नियम करून टायर उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली. तिचे प्रमाण पहिल्या वर्षी ३५, दुसऱ्या वर्षी ७० आणि तिसऱ्या वर्षापासून १०० टक्के ठरले. पायरोलिसिसद्वारे तेल काढण्यासाठी टाकाऊ टायर आयात करण्यास मनाई झाली. तरीही कागदावर ‘पुनर्चक्रीकरण’ आणि प्रत्यक्षात भट्टी, असा प्रकार घडतो. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२१पासून अख्ख्या टायरांचे गठ्ठे परदेशी पाठविणे बंद केले. आपला कचरा आपण निस्तरावा, हे एका देशाला उमगते, तर इतरांना का उमगू नये? आणि त्यांना उमगेपर्यंत आपण तरी दार सताड उघडे का ठेवावे?

या भट्ट्यांमुळे रोजगार मिळतो, इंधन मिळते, असा युक्तिवाद केला जातो. पण ज्या रोजगारात मजुराचे लेकरू भट्टीशेजारी झोपते, त्याला विकास म्हणावयाचे काय? आपल्याकडे जुना टायर कधी वाया जात नसे. तो टायरगाडीला लागे, त्याच्या चपला होत, ट्रकच्या टायरवर नवा थर चढे. आज त्याची भुकटी डांबरात मिसळून रस्ते करता येतात. देशातच निघणारे टायर या कामांना पुरेसे असताना परक्यांचे कशाला हवेत?

म्हणून मागणी साधी आहे. आयात झालेला प्रत्येक कंटेनर बंदरापासून कारखान्यापर्यंत तपासला जावा. पुनर्चक्रीकरणाची प्रमाणपत्रे कारखान्याच्या वीजवापराशी ताडून पाहावीत. यंत्र फिरले नसेल, तर भुकटी आली कोठून? आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी स्फोटाआधी पोहोचावा, पंचनाम्याला नव्हे.