गोळी रोजची, मात्रा मोजकी

रोवणीचे दिवस आले की सावली तालुक्यात घरी कोणी बसत नाही. आसोलामेंढ्याच्या पाण्याने बांध्या भरतात, पहाटेच शिदोरी बांधून घर रिकामे होते. या धांदलीत गोळी राहून जाते. मग शेजारचे कोणी म्हणते, "आता बरं वाटते ना, मग रोज कायले खातेस?" आणि गोळ्यांची पुडी फळीवरच पडून राहते. साध्या सर्दीतापात हे खपून जाईल. पण ज्यांच्या काळजाचे ठोके बेताल पडतात, त्यांनी अशी हयगय करू नये.

लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात. हा संधिज्वर पुढे हृदयाच्या झडपा खराब करतो. अशा माणसाचे, किंवा उतारवयात रक्तदाब वाढलेल्या माणसाचे हृदय कधी कधी ताल सोडते. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तेथे रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा मारतो. म्हणून डॉक्टर बहुधा दोन तऱ्हेच्या गोळ्या देतात. मेटोप्रोलॉल, डिगॉक्सिन या ठोके आवरणाऱ्या, तर वॉरफेरिन, असेनोकुमरॉल या गुठळी होऊ न देणाऱ्या.

वॉरफेरिनची हकीकत शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. १९२० नंतरच्या काळात कॅनडा व अमेरिकेत बुरशी लागलेला गवती चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठलेले रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला. तेथे कार्ल लिंक यांनी चाऱ्यातले ते द्रव्य शोधून काढले. त्यापासूनच पुढे वॉरफेरिन तयार झाले. १९४८ साली ते उंदीर मारण्यासाठी आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले. वस्तू एकच. मोजून घेतली तर तारते, माप चुकले तर मारते.

हे माप घरातच सांभाळावे लागते. ते असे :

गोळीची वेळ रोज एकच ठेवा. विसरलात आणि त्याच दिवशी आठवले तर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका. बरे वाटते म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच.

वॉरफेरिन घेणाऱ्याने सांगितलेल्या तारखेला रक्ताची आय.एन.आर. तपासणी करावीच. हा आकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्याही निघाल्या आहेत. पण संधिज्वराने झडप आखडली असेल तर जुनीच गोळी सरस, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले.

कंबर दुखली म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणू नका, सुईही टोचून घेऊ नका. रक्त वाहण्याचा धोका वाढतो. झाडपाल्याचे औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. पावसाळ्यात तरोट्याची भाजी जरूर खा, पण एक आठवडा रोज आणि मग महिनाभर नाही, असे करू नका. पालेभाजीचे प्रमाण सारखे असावे. मोहाची दारू वर्ज्यच.

हगवण, उलट्या लागल्या तर डिगॉक्सिन अंगावर उलटू शकते. भूक मरणे, मळमळणे, डोळ्यांपुढे पिवळे दिसणे, नाडी फार मंद होणे ही त्याची लक्षणे. घरातल्या सुनेला दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर वॉरफेरिनबद्दल आधीच डॉक्टरांना विचारावे. पोटातल्या बाळाला ते घातक ठरू शकते.

काळा शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, तसेच तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या.

तेंदूपत्त्याला जंगलात जाताना तंबाखूची डबी कोणी विसरत नाही. तिच्या शेजारी गोळ्यांची पुडीही असू द्या. आणि घरातल्या शाळकरी पोराला रोज संध्याकाळी विचारायला लावा, "आजी, गोळी घेतली का?"