रुमालातली गावे आणि तालुक्याची वाचनालये

पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला जुनी मंडळी आजही पेशवे दप्तर म्हणूनच ओळखतात, कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. आणि ज्या गावांच्या पाटील-कुलकर्ण्यांचे वतनाचे तंटे, रयतेच्या तक्रारी, दुष्काळात दिलेल्या सुटी आणि देवस्थानांच्या नेमणुका त्या कागदांत नमूद आहेत, त्या गावांतील आजच्या रहिवाशांना आपला असा काही लेखी इतिहास शिल्लक आहे याची बहुधा वार्ताही नसते.

वास्तविक वाचनालयांची परंपरा या प्रांतात अर्वाचीन नव्हे. रत्नागिरीचे वाचनालय 1828 सालचे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे 1848 चे आणि कोल्हापूरचे 1850 चे. पुढे 1967 च्या अधिनियमाने ग्रंथालयांना शासनमान्यता व अनुदान मिळण्याची व्यवस्था झाली आणि लहानलहान गावांतही त्यांची दारे उघडली. परंतु ग्रंथालये एका खात्याकडे आणि अभिलेखागारे दुसऱ्या खात्याकडे, अशी वाटणी होऊन बसल्यामुळे एकीकडे वाचक आहेत पण कागद नाहीत, आणि दुसरीकडे कागद आहेत पण वाचक नाहीत, ही स्थिती कोणालाच खटकेनाशी झाली आहे. मला ती फार खटकते.

दप्तराची रचना राज्यकारभाराच्या सोयीने झालेली आहे. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास अशा त्या वर्गवारीत आपल्या गावाचा उल्लेख नेमका कोठे सापडेल, हे मुरलेल्या संशोधकाला ठाऊक असते. जुन्नर किंवा वाई तालुक्यातील एखाद्या जिज्ञासू शिक्षकाने ते कसे ओळखावे? रियासतकार सरदेसाई यांनी 1930 नंतरच्या थोड्या वर्षांत या दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले, हा पराक्रम लहान नव्हे. तथापि त्या निवडीचा ओढा साहजिकच राजकारणाकडे आणि मोहिमांकडे अधिक राहिला, आणि गावगाड्याचा बहुतेक मजकूर रुमालांतच राहिला.

म्हणून माझे म्हणणे असे की, मूळ कागद जेथे आहेत तेथेच सुरक्षित राहावेत, त्यांना प्रवास घडवू नये. परंतु अभिलेखागाराने टप्प्याटप्प्याने गाववार सूची सिद्ध करावी आणि ती सूची, तसेच महत्त्वाच्या कागदांची छायाचित्रे व देवनागरी लिप्यंतरे, त्या त्या तालुक्याच्या वाचनालयात ठेवावीत. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा कचेऱ्याकचेऱ्यांतून मोडी वाचणाऱ्यांची किती वानवा भासली, हे आपण सर्वांनी पाहिले. वाचनालयांनी नियमितपणे मोडीचे वर्ग चालवले असते तर ती धावपळ पुष्कळ कमी झाली असती.

यात वाचनालयांकडून अभिलेखागाराला होणारा लाभही थोडा नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांची मने वळवून, घराघरांतली दप्तरे मिळवली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला; पण एका माणसाच्या हयातीत सारे घर-माळे पाहून होणे शक्यच नव्हते, आणि तसे अनेक कागद आजही ट्रंकांत वाळवीच्या तोंडी पडलेले आहेत. दूरच्या सरकारी कचेरीकडे आपले कागद सोपवण्यास मनुष्य बिचकतो. गावच्या वाचनालयाचा कार्यवाह मात्र त्याच्या ओळखीचा, बहुधा त्याच आळीतला असतो. त्या विश्वासाच्या बळावर मूळ कागद मालकाच्या घरी, प्रत वाचनालयात आणि नोंद अभिलेखागारात अशी व्यवस्था सहज लावता येईल, आणि जीर्ण कागद कसे हाताळावेत याचे शिक्षण अभिलेखागारातील जाणत्या कर्मचाऱ्यांनी द्यावे.

शासनाने करावयाचे ते एवढेच की, ग्रंथालयांच्या अनुदानाच्या निकषांत स्थानिक इतिहासाच्या विभागाला स्थान द्यावे आणि दोन्ही खात्यांच्या संचालकांनी एकत्र बसून पहिल्या काही तालुक्यांची निवड करावी. तोवर वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनी शासनाची वाट पाहत थांबू नये. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तसा ठराव मांडावा, पुराभिलेखागाराशी पत्रव्यवहार सुरू करावा, आणि सभासदांनी आपापल्या घरातील जुने कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचनालयात आणून दाखवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.