आरोग्यविचार : पायाचें हाड जबड्यास

भाईंदरच्या एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या सासऱ्यांच्या खालच्या जबड्यांत गांठ असून हाडाचा मोठा भाग काढावा लागेल, असें शस्त्रवैद्यांनीं सांगितलें आहे. मामंजी म्हणतात, "विद्रूप तोंडानें पंक्तीस बसण्यापेक्षां आहें तसाच गेलेला बरा." घरांत दोन तट पडले आहेत.

मामंजींची भीति निराधार नाहीं. जबड्याचा पुढील भाग गेला कीं हनुवटी आंत बसते, लाळ आवरत नाहीं, चावणें-बोलणें बिघडतें. धातूची नुसती पट्टी बसविली तर ती पुष्कळदां तुटते किंवा कातडींतून बाहेर येते. परंतु आज याहून चांगला उपाय आहे. गुडघ्याखालीं जीं दोन हाडें असतात, त्यांपैकीं बाहेरचें बारीक हाड शरीराचा भार फारच थोडा वाहतें. त्याचीं दोन्हीं टोकें राखून मधला भाग रक्तवाहिन्यांसह काढतात, जागोजाग कापून जबड्याचें वळण देतात, टायटॅनियमच्या पट्ट्यांनीं बसवितात आणि त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखालीं मानेंतील वाहिन्यांस शिवतात. हाड जिवंत राहतें तें या टांक्यांमुळें. ऑस्ट्रेलियाचे डॉ. टेलर यांनीं असें हाड १९७५ मध्यें पायाच्या दुरुस्तीसाठीं वापरलें, न्यूयॉर्कचे डॉ. हिडाल्गो यांनीं १९८९ मध्यें त्यानें जबडा घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. परळच्या, १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते; भाईंदरहून दादरपर्यंत आगगाडीची सोय आहेच.

हें सोपें मात्र नव्हे. शस्त्रक्रियेस आठ-दहा तास लागतात. कांहीं दिवस नाकांतील नळीनेंच अन्न द्यावें लागतें. क्वचित् वाहिनींत रक्त गोठून पुन्हां टांके उघडावे लागतात. चेहरा हुबेहूब पूर्वींसारखा होईलच असें नाहीं. दांत पुढें, सर्व भरून आल्यावर बसवितां येतात.

भगिनींस आमचें सांगणें एवढेंच, कीं मामंजींपासून कांहींहि लपवूं नये. गांठ साधी कीं कर्करोगाची, हें तुकडा तपासूनच ठरतें. तें आधीं विचारावें. निर्णय त्यांचा त्यांनींच करावा, पण तो चुकीच्या समजुतीवर होऊं नये आणि लांबूंहि नये. गांठ वाढली तर हाडहि अधिक जाईल.

इतर वाचकांनीं तोंडांतील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाहीं तर तडक वैद्य गांठावा, आणि पानाच्या तबकांतून तंबाखू आजच उठवावी.