खासदार दिल्लीत काय बोलला?

निवडणूक आली की पारावर एकच प्रश्न निघतो, ‘खासदारानं गावाला काय दिलं?’ म्हणजे सभामंडप, हायमास्ट दिवा, नाहीतर स्मशानभूमीचं शेड. खासदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. मतदारसंघातल्या गावांना वाटला तर हाती काय येतं, हिशेब तुम्हीच मांडा. उसाची एफआरपी आणि बेदाण्यावरचं आयात शुल्क मात्र दिल्लीत ठरतं. तिथं आपला माणूस काय बोलला, हे कुणी विचारत नाही. (मी नोकरदार माणूस, कुणाला मत द्या हे सांगणार नाही.)

येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातून लोकसभेत गेले आणि तिथं मराठीत बोलले. पत्री सरकार चालवलेल्या माणसाला इंग्रजीचा धाक कसला! आजही आधी कळवलं तर खासदाराला मराठीत बोलता येतं. भाषेची सबब चालायची नाही.

इस्लामपूर-शिराळा ज्यात येतं, त्या हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये कर्जमुक्ती आणि हमीभावाची दोन खासगी विधेयकं मांडली. कायदा झाला नाही. १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत पास झालेलं नाही. म्हणून मला विधेयकापेक्षा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. प्रश्नाला मंत्र्याचं लेखी उत्तर येतं. त्यात आश्वासन असेल, तर ते पुरं झालं का हे बघायला संसदेची आश्वासन समिती आहे.

पण नुसता प्रश्नांचा आकडा बघू नका. शंभर प्रश्नांत आपल्या पिकाचे किती, ते बघा.

हळदीचंच घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय मात्र जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला गेलं. तिथं २०१९ च्या लोकसभेला पावणेदोनशेच्या आसपास शेतकरी स्वतःच उमेदवार म्हणून उभे राहिले होते. निवडून आलेल्या उमेदवारानं तर हळद मंडळ आणीन असं बाँडपेपरवर लिहून दिलं होतं. आपल्याकडं असं कुणी कुणाकडून लिहून घेतलं?

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढं करावं. खासदाराचे प्रश्न आणि भाषणं संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती छापून सोसायटीच्या फलकावर लावावीत, ग्रामसभेत वाचावीत. आणि आपला प्रश्न, पीक, क्षेत्र, नुकसानीचा आकडा घालून अधिवेशनाच्या आधीच खासदाराकडं पाठवावा. प्रश्नाला १५ दिवसांची पूर्वसूचना लागते.