कुंपणाचा पैसा कोपऱ्यात घाला



१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रोही किंवा रानडुक्कर परवानगीवाचून मारता येत नाही. पऱ्हाटी आणि ज्वारी राखायची म्हणजे कर्ज काढून कुंपण घालणे आले. ते पडते कुठून, हे मात्र कोणी पाहत नाही. ते कोपऱ्यातून पडते.

पालघरहून बोईसर-तारापूरकडे खाडीच्या अंगाने जा. २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, पायाखाली खाजणाची चिखलमाती. तिथे दीड फूट रोवलेला शेवटचा खांब आषाढातच तारेच्या बाजूला झुकतो आणि पुढची सगळी तार सैल पडते. त्याच तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याची भिंत बांधताना पायाचा खर्च आधी धरतात. शेताच्या कुंपणाचा दर ठेकेदार फुटावर सांगतो. मग कोपऱ्यात टाकलेले सिमेंटचे प्रत्येक घमेले त्याच्या नफ्यातून जाते. तो ते कशाला टाकील?

आपल्याकडे खाजण नाही म्हणून निश्चिंत राहू नका. आपली काळी मृगानंतर फुगते, चैत्रात भेगाळते. फुगताना खांबाला धरून वर उचलते, आणि तो पुन्हा जागेवर बसत नाही.

हिशेब करा. एका तारेला १०० किलोचा ताण धरला तर ५ तारा शेवटच्या खांबाला ५०० किलोने ओढतात, रात्रंदिवस. मधले खांब नुसती तार उचलून धरतात. मग सगळ्या खांबांना एकच माप कशाला?

शेवटचा खांब जाड घ्या, निदान ३ फूट खाली न्या. मुरूम जवळ असेल तर मुरमापर्यंत. खड्डा तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद हवा. घाईत खोदलेला खड्डा नेमका उलटा होतो, आणि फुगलेली काळी ते निमुळते काँक्रीट सहज वर ढकलते. आखूड तिरका टेकूही घातकी. ताण आला की तोच खांबाला उपटतो. त्यापेक्षा कुंपणाच्या रेषेतच, उंचीच्या दुप्पट अंतरावर, दुसरा जाड खांब रोवा. दोघांच्या माथ्याजवळ आडवा दांडा बसवा. दुसऱ्या खांबाच्या माथ्यापासून शेवटच्या खांबाच्या बुडापर्यंत दुहेरी तार घालून पीळ द्या. ही तार उलटी बांधली तर बांधली काय न बांधली काय! जमीन फारच मऊ असेल तर असाच आणखी एक खांब जोडा. काँक्रीटला निदान आठवडाभर पाणी मारा, मगच तार ओढा.

सैल कुंपणात खांबावरच्या लाइनचा करंट सोडणारेही आहेत. त्यात माणसे मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे.

ठेकेदाराशी बोलताना कोपऱ्याचे कलम वेगळे लिहून घ्या: खोली किती, काँक्रीट किती, जोडखांब किती. अनुदानाच्या अंदाजपत्रकातही तसेच कलम हवे, अशी मागणी जिल्हा बैठकीत मांडू. आणि ठेकेदाराचे काही पैसे पहिला पावसाळा सरेपर्यंत हाती ठेवा.